माळवदाखालची चूल आणि धुराडे

बीड जिल्ह्यातील जुन्या माळवदाच्या घरात, म्हणजे लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेल्या सपाट छपराच्या घरात, चुलीचा धूर उजेडासाठी ठेवलेल्या छतातील सवण्यातून जमेल तसा बाहेर पडत असे. चुलीशेजारी वैल ही जोडचूल, मागे भांडी ठेवण्याची भानवस आणि सरपणाला तुराट्या, पऱ्हाट्या व गोवऱ्या, ही मांडणी पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण तिला पैसा लागत नव्हता आणि ती घरच्या स्त्रीच्याच हाताने घडत होती.

चुलीला धुराडे जोडण्याचा विचार वर्ध्याच्या मगनवाडीत ‘मगन चुली’च्या रूपाने पुढे आला, तर हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांची धूरमुक्त स्वयंपाकघरावरील पुस्तिका १९५३ मध्ये निघाली, तेव्हा बीड हैदराबाद राज्यातच होते. तत्त्व साधे होते: ज्वाळा बंदिस्त पोटातून दुसऱ्या भांड्याखाली न्यायची आणि उरलेला धूर नळीने छपरावर सोडायचा. १९८३ च्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमाने ही रचना गावोगाव नेली. मात्र नळीसाठी माळवद फोडणे म्हणजे पावसाळ्यात गळती ओढवून घेणे, आणि काजळी वेळेवर न काढल्यास धूर पुन्हा घरातच. ठरावीक मापाच्या आराखड्यांनी या अडचणींना पुरेसे महत्त्व दिले नाही, आणि केंद्राने तो कार्यक्रम २००२ मध्ये बंद केला. पुढे निघालेली चुलीतली जाळी, जिच्यामुळे राख खाली पडून निखाऱ्याला खालून हवा मिळते, जुनी चूल न मोडता बसवता येते, म्हणून ती अधिक व्यवहार्य ठरते. केंद्राने तो कार्यक्रम २००२ मध्ये बंद केला.