होमी भाभांचं विमान आणि होमी भाभांचं पत्र

२४ जानेवारी जवळ आली की व्हॉट्सॲपवर तोच फॉरवर्ड फिरतो. भाभांचं विमान सीआयएने पाडलं म्हणे! आधार काय, तर एका निवृत्त अधिकाऱ्याच्या कथित गप्पा.

फ्रेंच चौकशीत काय निघालं तेही बघा. १९६६ साली मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ जिनिव्हाला उतरणार होतं. मार्ग दाखवणारं एक उपकरण बंद होतं. माँ ब्लाँ शिखर मागे पडलं असं वैमानिकाला वाटलं, नियंत्रकाने चूक सांगितली ती नीट कळली नाही, विमान खाली आलं आणि डोंगरावर आदळलं. ११७ जण गेले. १९५० मध्ये एअर इंडियाचंच ‘मलबार प्रिन्सेस’ त्याच डोंगरावर कोसळलं होतं, पण त्याचा फॉरवर्ड कुणी करत नाही.

माझा राग वेगळाच आहे. या कथेत भाभा फक्त मरतात, काही करत नाहीत.

मार्च १९४४. हिरोशिमाला अजून दीड वर्ष अवकाश. केंब्रिजहून सुट्टीला आलेला आणि महायुद्धामुळे इथेच अडकलेला हा ३४ वर्षांचा माणूस टाटा ट्रस्टला पत्र लिहितो: उद्या अणूपासून वीज निघेल, तेव्हा तज्ज्ञ परदेशातून आणावे लागू नयेत, म्हणून आत्ताच संस्था काढा. १९४५ मध्ये टीआयएफआर उभी राहिली. १९५६ मध्ये तुर्भ्याला ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. इंधन ब्रिटनचं, बांधणी आपल्या लोकांची. पुढच्याच वर्षी तिथे ट्रेनिंग स्कूल. माझ्या मते भाभांचं सगळ्यात मोठं काम हेच, माणसं घडवणं. म्हणून तर ते गेल्यावर आठ वर्षांनी, १९७४ मध्ये, सेठना-रामण्णांच्या पिढीने पोखरणची चाचणी केली. एक माणूस मारून हे थांबणार होतं थोडंच?

सगळंच गोड नाही. अणुवीज मुबलक मिळेल हा त्यांचा अंदाज साफ चुकला. आजही देशाच्या विजेत तिचा वाटा जेमतेम तीन टक्के आहे. शिवाय हे खातं थेट पंतप्रधानांच्या हाताखाली ठेवल्यामुळे प्रश्न विचारायची सोयच राहिली नाही. यावर बोला ना!

आणि हो, परळचं टाटा कॅन्सर हॉस्पिटल १९६२ पासून याच अणुऊर्जा खात्याकडे आहे. आपल्या शेतकऱ्यांना माहीत असलेलं टॅग-२४ भुईमूगसुद्धा तुर्भ्याचंच. टॅग म्हणजे ट्रॉम्बे अकोला ग्राउंडनट.