टीएलडी बॅज म्हणजे काय? रेडिएशनजवळ काम करणाऱ्या महिलांनी तो का जपावा?

यवतमाळ जिल्ह्यात अणुवीज केंद्र नाही. राज्यातलं ते केंद्र पार दुसऱ्या टोकाला, पालघर जिल्ह्यात तारापूरला आहे. १९६९ पासून तिथे वीज तयार होते. पण एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या खोल्या तुमच्या गावाजवळही आहेत, आणि तिथल्या तंत्रज्ञ मुलींनाही तारापूरच्या कामगारांसारखाच छातीवर एक बॅज लावावा लागतो. तोच टीएलडी.

तो काम कसा करतो?

बॅजमध्ये कॅल्शियम सल्फेट असलेल्या तीन छोट्या चकत्या असतात. रेडिएशन पडलं की त्या थोडी ऊर्जा साठवतात. दवाखान्यांतले बॅज साधारण दर तीन महिन्यांनी लॅबमध्ये जातात. तिथे चकत्या तापवल्या की उजेड निघतो. उजेड जास्त, म्हणजे डोस जास्त. बॅजला स्क्रीन नाही, अलार्म नाही. तो फक्त नोंद ठेवतो.

मर्यादा किती?

• ५ वर्षांची सरासरी: वर्षाला २० मिलिसिव्हर्ट
• कुठल्याही एका वर्षात: जास्तीत जास्त ३०
• गरोदरपण कळवल्यानंतर: पोटातल्या बाळासाठी उरलेल्या काळात १

तिसरा नियम कळवल्यापासून लागू होतो. म्हणून दिवस गेल्याचं कळताच ऑफिसला सांगा, लपवू नका.

पुढे काय होतं?

रेडिएशनमुळे होणारा कॅन्सर दिसायला बरीच वर्षं, कधी दशकं लागतात. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या अभ्यासात, तेवढ्याच डोसला महिलांमधला वाढीव धोका पुरुषांपेक्षा जास्त आढळला. अणुउद्योगातल्या कामगारांचे मोठे अभ्यास मात्र बहुतांशी पुरुषांचे आहेत. ‘इनवर्क्स’मध्ये फ्रान्स, ब्रिटन, अमेरिकेतले ३ लाखांहून जास्त कामगार होते; त्यातही महिला थोड्याच.

म्हणून प्रत्येकीची नोंद मोलाची. लग्नानंतर आडनाव बदललं, नोकरी बदलली, तरी नव्या ठिकाणी जुना टीएलडी नंबर द्या, म्हणजे आधीचा डोस हिशेबात राहील. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार ही नोंद वयाच्या ७५ वर्षांपर्यंत आणि काम सोडल्यावर किमान ३० वर्षं जपायची असते. ती बघायला मागणं हा तुमचा हक्क आहे.

मोबाइलवर मोजता येईल का?

नाही. *#07# डायल केल्यावर दिसणारा सार आकडा फोनच्या रेडिओ लहरींचा असतो. एक्स-रेशी त्याचा संबंध नाही. रेडिएशन मोजण्याचा दावा करणारं कुठलंही ॲप बॅजची जागा घेऊ शकत नाही. मोबाइलचा खरा उपयोग एवढाच: प्रत्येक डोस रिपोर्टचा फोटो काढून जपून ठेवा.