बालाघाटचे रान आणि चराई

बीडचा इतिहास म्हटला की आपण राजवटींची नावे मोजू लागतो. आज आम्ही त्याहून साधा प्रश्न घेतला आहे. जिल्ह्यात आज वनाखालची जमीन शेकडा तीनांहूनही कमी आहे. कुऱ्हाडीने व नांगराने रान हटविले हे खरेच. पण तोडलेले रान पुन्हा का उभे राहिले नाही?

वस्तुतः गुरे जुने झाड मारीत नाहीत. ती त्याचा वंश खुंटवितात. धावडा तोडला तरी बुंध्यातून फुटतो. परंतु त्याचा कोवळा शेंडा दरसाल खाल्ला गेला, तर तो हात-दीड हाताचे झुडूप होऊन राहतो. खुरांनी दबलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही आणि पडलेले बी रुजत नाही. म्हातारी झाडे उभी आणि पोर एकही नाही, अशी रानाची दशा होते.

तथापि सारा दोष शेळीवर टाकणे न्यायाचे नाही. बाभळीच्या शेंगा तीच खाते आणि तिच्याच लेंडीतून आलेले बी चटकन उगवते. बोरी-हिवराच्या काट्यांआड एखादे रोप तिच्या तोंडातून वाचते. प्रश्न चराईचा नाही, विश्रांतीवाचूनच्या चराईचा आहे.

हा तंटा केवळ आपला नाही. इंग्लंडच्या न्यू फॉरेस्टमध्ये ओक वाचविण्यासाठी 1698 साली कायदा झाला. ठराविक रानास कुंपण घालावे, रोपे गुरांच्या तोंडापलीकडे गेली की ते खुले करून दुसरे बंद करावे, अशी ती योजना होती. परंतु पुढे चराईचे हक्कच आक्रसू लागल्याने गावकरी झगडले आणि 1877 च्या कायद्याने नवी कुंपणे थांबली. त्याच सुमारास, 1883 साली, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने गायराने बळकावल्याची तक्रार मांडली. ती मुंबई इलाख्यातली. बीड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते. पण गुरे न्यावी कोठे, हा प्रश्न सरहद्द ओळखत नाही.

आजही तो तसाच आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेले कुटुंब बैल बरोबर नेते. घरी राहते ती म्हातारी आणि तिच्या दोन शेळ्या. दुष्काळात विकून दाणे आणावयाचे ते याच शेळ्यांवर. सरसकट चराईबंदीचा पहिला घाव तिच्यावर पडतो.

मग मार्ग कोणता? शेजारच्या नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने 1989 नंतर ग्रामसभेतून चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली. गवत मात्र कापून नेऊ दिले. डोंगर हिरवा झाला आणि गोठ्यात चाराही आला. पाटोदा तालुक्यात 1994 साली नायगावचे मयूर अभयारण्य झाले, पण डोंगरावरचे प्रत्येक रान काही अभयारण्य होणार नाही. ते गावानेच राखावयाचे आहे. एक भाग बंद, बाकीचे खुले आणि बंद भागातील गवताचा पहिला भारा भूमिहीनाच्या शेळीला, असा करार गावाने केला तरच तो टिकेल. ज्या कुंपणात गरिबाचा वाटा नाही, ते कुंपण रात्रीतून मोडते. इतिहासाचा दाखला एवढाच आहे.