काटा, कंबर आणि दृष्टिपटल : प्रस्तावना

लठ्ठपणा मधुमेहाला वाट करून देतो आणि मधुमेह डोळ्याच्या पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला, इजा करतो. तेव्हा मधुमेहींपैकी जो अधिक लठ्ठ, त्याचा पडदा अधिक बिघडलेला असणार, असे कोणालाही वाटेल. आकडे मात्र इतके सरळ नाहीत. सिंगापूरमधील आशियाई मधुमेहींच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) जास्त असणाऱ्यांत रेटिनोपॅथी, म्हणजे दृष्टिपटलाची ही इजा, उलट कमी आढळली. पण नितंबांच्या मानाने कंबर रुंद असलेल्या स्त्रियांत ती अधिक होती. चेन्नईच्या शंकर नेत्रालयाच्या पाहणीतही स्त्रियांच्या सुटलेल्या पोटाचा रेटिनोपॅथीशी संबंध दिसला. वजनकाटा एक सांगतो, मोजपट्टी दुसरेच. या क्षेत्रात शिरायला याहून चांगला दरवाजा नाही.

चरबी किती, याइतकेच ती कुठे साठली याला महत्त्व आहे, हे मार्सेयचे डॉक्टर झाँ व्हाग यांनी १९४७ सालीच मांडले होते. त्या विचाराला पुण्यात वेगळी धार आली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली. दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळेही इंग्लंडमधील बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमने हलकी, तरी त्यांच्या त्वचेखालची चरबी बरीचशी टिकून होती. म्हणून भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर कंबर ही धोक्याची रेघ मानतात.

पोटातली चरबी स्वस्थ पडून राहत नाही. ती यकृताकडे मेदाम्ले सोडते, दाह वाढवणारी रसायने रक्तात मिसळते, आणि रक्तवाहिन्यांना जपणारे अॅडिपोनेक्टिन घटते. दृष्टिपटलाच्या केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेरिसाइट पेशी वाढलेल्या साखरेने आधीच मरू लागलेल्या असतात. त्यात दाह आणि रक्तदाबाची भर पडली की भिंती पाझरतात, काही वाहिन्या बंद पडतात. प्राणवायूला आसुसलेला पडदा मग व्हीईजीएफ हे प्रथिन सोडतो. त्याच्या हाकेने नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवतात आणि त्या फुटल्या की दृष्टी जाते.

मग बारीक माणसांचे काय? या प्रश्नाला २०१८ साली स्वीडनमधून नवे वळण मिळाले. तिथल्या संशोधकांनी मधुमेहींचे पाच गट पाडले. इन्सुलिनची तीव्र कमतरता असलेल्या, फारशा लठ्ठ नसलेल्या गटात डोळ्याचा धोका सर्वाधिक निघाला. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या लठ्ठ गटात मूत्रपिंडाचा. पुण्यातील तरुण मधुमेहींतही इन्सुलिन-कमतरतेचा गटच सर्वांत मोठा आढळला. शिवाय साखर बरीच वर्षे बेताल राहिली की वजन उतरते. अशा रुग्णाचा कमी बीएमआय पाहून लठ्ठपणाच डोळ्यांचे रक्षण करतो, असा निष्कर्ष काढणे म्हणजे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करणे होय.

उपचारांतही हीच गुंतागुंत आहे. रक्तातील मेद कमी करणारे फेनोफायब्रेट २००५च्या ‘फील्ड’, २०१०च्या ‘अकॉर्ड आय’ आणि २०२४च्या ‘लेन्स’ या चाचण्यांत दृष्टिपटलाला उपयोगी पडलेले दिसले. पण रक्तातील मेदाच्या उतरलेल्या आकड्यांवरून त्या लाभाचा पुरता उलगडा होत नाही. उलट, वजन आणि साखर दोन्ही उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडच्या २०१६ सालच्या चाचणीत रेटिनोपॅथीच्या तक्रारी वाढल्या, मुख्यतः आधीच पडदा बिघडलेल्यांत. साखर झपाट्याने खाली आली की असे घडू शकते, हे इन्सुलिनच्या उपचारांतून आधीच माहीत होते. म्हणजे चांगल्या औषधाआधीही डोळा तपासलेला बरा.

या संग्रहाची मांडणी त्याच क्रमाने केली आहे : आधी मोजमाप, मग यंत्रणा, शेवटी उपचार. नवख्या वाचकाने मोजमापाचा भाग वगळू नये. या क्षेत्रातले बरेच वाद तिथेच जन्मतात. नेत्रतज्ज्ञाने कंबर मोजावी, मधुमेहतज्ज्ञाने पडद्याचा फोटो मागावा, आहारतज्ज्ञाने आणि संख्याशास्त्रज्ञाने दोघांनाही प्रश्न विचारावेत, ही आमची अपेक्षा आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. टाइप २ मधुमेहाचे निदान होताच दृष्टिपटल तपासावे आणि पुढे दरवर्षी तपासत राहावे, या सल्ल्यात वजनाची अट कुठेही नाही. ती का नाही, हे शेवटच्या पानापर्यंत वाचकाला स्वतःच्या शब्दांत सांगता आले, तर संग्रहाचे काम झाले.