डोलकाठीवरून पडलेला दगड

एस.टी.ने करकचून ब्रेक लावला की उभे असलेले उतारू पुढे का कोलमडतात, हा प्रश्न आपल्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात हमखास असतो. 'जडत्वामुळे' एवढे लिहून मुले मोकळी होतात. शाळकरी वयात आम्हीही तसेच मोकळे झालो होतो. बाहेरून बल लावले नाही तर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते, हा न्यूटनचा पहिला नियम. तो इतका साधा वाटतो, की त्याच्यापर्यंत पोहोचायला माणसाला सुमारे दोन हजार वर्षे लागली यावर विश्वास बसत नाही. या कथेत न्यूटन अगदी शेवटी येतो. त्याच्या आधी येणाऱ्यांपैकी कित्येकांच्या अंगावर धर्मगुरूंचा झगा होता, आणि त्यांच्याविषयीच आम्हांला चार शब्द लिहायचे आहेत.

अॅरिस्टॉटलचे म्हणणे व्यवहाराला पटणारे होते. बैल थांबला की गाडी थांबते. म्हणजे गतीला सतत ओढणारा किंवा ढकलणारा कोणीतरी हवा. मग धनुष्यातून सुटलेल्या बाणाला कोण ढकलतो? त्यावर हवा ढकलते, असे उत्तर दिले जाई. चौदाव्या शतकात पॅरिस विद्यापीठातील जाँ बुरिदाँ या विद्वानाने हे उत्तर नाकारले. भोवरा जागच्या जागी फिरत राहतो, त्याच्या मागे शिरून हवा त्याला कोठून ढकलणार? फेकणारा हात वस्तूला एक प्रेरणा देतो आणि अडथळा नसेल तर ती टिकून राहते, असे त्याने मांडले. परमेश्वराने निर्मितीच्या वेळी आकाशगोलांना अशी प्रेरणा दिली असावी आणि तेथे अडथळा नसल्याने ते फिरत राहिले असावेत, असेही तो सुचवतो. आजचे जडत्व ते हे नव्हे. पण वाट त्याच दिशेची होती.

हा प्रश्न केवळ पंडितांचा राहिला नाही, कारण त्यात पृथ्वी गुंतलेली होती. पृथ्वी जर फिरत असेल, तर मनोऱ्यावरून सोडलेला दगड पडेपर्यंत मनोरा पुढे निघून जाईल आणि दगड मागे पडेल, असा जुन्या पक्षाचा आक्षेप होता. यावर चालत्या जहाजाचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जाई. डोलकाठीच्या टोकावरून दगड सोडला तर तो काठीच्या बुडाशी पडेल की मागे? गॅलिलिओने 1632 सालच्या आपल्या 'संवादा'त एका पात्राच्या तोंडून सांगितले, की प्रयोग न करताही दगड बुडाशीच पडणार याची आपल्याला खात्री आहे. (आत्मविश्वासाची उणीव गॅलिलिओला कधीच नव्हती.) पुढच्याच वर्षी रोममध्ये धर्मन्यायासनापुढे त्याला आपले मत मागे घ्यावे लागले.

प्रयोग करून जगापुढे मांडला तो एका धर्मगुरूने. पिएर गासेंदी हे फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातले. 1631 साली सूर्यबिंबावरून सरकणारा बुध ग्रह त्यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने पाहिला होता. 1640 साली मार्सेय बंदरात प्रांताच्या राज्यपालाने त्यांना एक वल्ह्यांचे गलबत दिले. वल्हेकऱ्यांनी ते वेगाने हाकारले आणि डोलकाठीवरून दगड सोडण्यात आले. दगड बुडाशीच पडले. गलबताची गती दगडातही होती आणि हातातून सुटल्यावरही ती त्याला सोडून गेली नाही. गासेंदींनी हे 1642 साली छापले आणि त्यापुढचे पाऊलही टाकले : रिकाम्या अवकाशात वस्तूला एकदा गती मिळाली, तर ती कोणत्याही दिशेने सरळ, त्याच वेगाने, अखंड जात राहील. गॅलिलिओच्या मनात ही टिकून राहणारी गती पृथ्वीच्या गोलाईला धरून असे. ती सरळ रेषेत आणण्याचे श्रेय गासेंदी आणि देकार्त यांना द्यावे लागते.

दुसऱ्या बाजूचे फादर जोव्हानी बात्तिस्ता रिच्चोली यांच्यावर मात्र इतिहासाने थोडा अन्याय केला आहे, असे आम्हांला वाटते. हे बोलोन्याचे येशूसंघीय. पृथ्वी स्थिर आहे या मताचे. गॅलिलिओचा पतनाचा नियम चुकीचाच निघेल, अशी त्यांची अटकळ होती. पण अटकळीवर न थांबता त्यांनी लंबकाचे आंदोलन मोजण्यासाठी नऊ येशूसंघीयांना बसवले. अहोरात्र जागून त्यांनी 86 हजारांहून अधिक आंदोलने मोजली. मग फादर ग्रिमाल्दी यांच्यासह ते शहरातल्या सुमारे 97 मीटर उंच आसिनेल्ली मनोऱ्यावर चढले आणि गोळे खाली सोडू लागले. समान कालखंडांत पडलेली अंतरे 1, 3, 5, 7 या प्रमाणातच वाढत गेली. गॅलिलिओ बरोबर ठरला! रिच्चोलींनी ते लपवले नाही; गॅलिलिओच्या शिष्यपरंपरेतले गणिती काव्हालिएरी यांना ते दोघे स्वतः जाऊन सांगून आले, आणि 1651 सालच्या ग्रंथात त्यांनी ते छापलेही.

त्याच ग्रंथात त्यांनी एक चलाख आक्षेप घेतला. पृथ्वी फिरत असेल, तर उत्तरेकडे डागलेला तोफेचा गोळा किंचित उजवीकडे वळला पाहिजे. तसे दिसत नाही, म्हणून पृथ्वी स्थिर. तर्काचा पूर्वार्ध अचूक होता! गोळा खरोखर वळतो. फक्त ते वळणे त्या काळच्या तोफांना आणि डोळ्यांना न कळण्याइतके थोडे असते.

1687 साली न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' आला. जडत्व पहिला नियम झाले; बलाच्या प्रमाणात आणि बलाच्या दिशेने गती बदलते, हा दुसरा; प्रत्येक क्रियेला तितकीच उलट प्रतिक्रिया, हा तिसरा. होडीतून धक्क्यावर उडी मारताना होडी मागे सरते, हे आपल्या कोळी बांधवांना सांगण्याची गरज नाही. पृथ्वीसह सारे ग्रह या नियमांनी सूर्याभोवती फिरू लागले.

हा अवघड ग्रंथ सविस्तर टीपांसह 1739 ते 1742 या काळात जिनीव्हात छापला गेला. टीपा लिहिणारे ल स्यर आणि जाकिए हे रोममध्ये राहणारे मिनिम संघाचे मठवासी. (या आवृत्तीला आजही पुष्कळदा 'जेझुइट आवृत्ती' म्हणतात, बिचाऱ्या मिनिमांचे श्रेय असे परस्पर गेले.) तिसऱ्या खंडाच्या आरंभी त्यांनी एक निवेदन जोडले. न्यूटन पृथ्वीचे भ्रमण गृहीत धरतो, त्यामुळे ते धरल्याखेरीज त्याचे सिद्धांत उलगडता येत नाहीत. तेवढ्यापुरती आम्हांला परकी भूमिका घ्यावी लागली. एरवी पोपमहोदयांच्या आदेशांना आम्ही बांधील आहोत, असा त्याचा आशय. निवेदन लिहून त्यांनी पुढची पाने तितक्याच निष्ठेने समजावून दिली. त्यांच्या मनात काय चालले असेल, हे आम्ही अनेकदा योजून पाहतो.

1758 सालच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून पृथ्वीच्या भ्रमणावरील पुस्तकांची सरसकट बंदी गळाली. गॅलिलिओचा 'संवाद' मात्र यादीत राहिला. तो 1835 च्या आवृत्तीत वगळला गेला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये कोरिओलिस या अभियंत्याने फिरणाऱ्या चौकटीतील गतीवरचा आपला निबंध छापला. रिच्चोलींच्या तोफगोळ्याचे वळण आज त्याच्याच नावाने ओळखले जाते.