नारू व त्याचे निर्मूलन

नारू : ड्रॅक्युन्क्युलस मेडिनेन्सिस या सूत्रकृमीमुळे होणारा व पिण्याच्या पाण्यातून पसरणारा रोग. संस्कृत वैद्यकात त्यास ‘स्नायुक’ म्हणतात. पश्चिम व दक्षिण भारतातील अवर्षणप्रवण प्रदेशांत तो शतकानुशतके ठाण मांडून होता.

प्रसाराची रीत : सायक्लॉप्स या सूक्ष्म कवचधारी प्राण्याच्या शरीरात कृमीचे डिंभ वाढतात. असे पाणी प्यायल्यावर ते मनुष्याच्या शरीरात शिरतात. सुमारे एक वर्षाने ६० ते १०० सेंमी. लांबीची मादी बहुधा पायाच्या त्वचेवर फोड निर्माण करते. दाह शमविण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवितो. त्याच वेळी मादी असंख्य डिंभ पाण्यात सोडते. सायक्लॉप्सचा या चक्रातील सहभाग रशियन शास्त्रज्ञ फेडचेन्को यांनी १८७० मध्ये तुर्कस्तानात दाखवून दिला.

या चक्रास पायविहिरींची रचना पोषक ठरली. पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहावयाचे व तेथेच घागर भरावयाची, हा नित्याचा परिपाठ. उन्हाळ्यात पाणी तळास गेले, की थोड्या पाण्यात सायक्लॉप्सची दाटी होई. त्यावेळी झालेला संसर्ग पुढील वर्षी त्याच सुमारास प्रकट होत असल्याने ऐन मशागतीच्या व पेरणीच्या तोंडावर शेतकरी अंथरुणास खिळे. रोगास औषध नव्हते व लसही नव्हती. बाहेर आलेला कृमी काडीस गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढणे, एवढाच उपाय होता. तो तुटल्यास जखम चिघळे.

महाराष्ट्रातील पाणीपुरवठा : अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या दक्षिणेकडील कर्जत तालुका पर्जन्यछायेत येतो. अशा भागांत पाण्याचे स्थान सुरक्षित करणे, हेच रोगप्रतिबंधाचे पहिले साधन होय. १९७२-७३ च्या दुष्काळात काळ्या पाषाणात विंधन विहिरी खोदण्याच्या कामास वेग आला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा याच सुमारास, १९७२ मध्ये स्थापन झाली. तथापि घरगुती वापराचे बिडाचे हातपंप गावच्या वापरास टिकत नसत. जालना येथील मिशनच्या कामातून मजबूत पंपाचा एक नमुना तयार झाला व सोलापूर येथे त्यात सुधारणा झाल्या. त्याच्याच आधारे युनिसेफच्या साहाय्याने १९७० नंतरच्या दशकात ‘इंडिया मार्क २’ हा पंप सिद्ध झाला. पंपाच्या पाण्यात कोणाचा पाय पडत नाही, ही त्याची मोठी उपयुक्तता.

निर्मूलन मोहीम : राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. १९८४ मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांतील ८९ जिल्ह्यांत व १२,८४० गावांत सुमारे ४०,००० रुग्ण आढळले. घरोघर जाऊन रुग्णांचा शोध घेणे व त्यांस पाण्यात उतरू न देणे, हा मोहिमेचा कणा होता. पायविहिरींचे रहाटाच्या विहिरींत रूपांतर करणे, पाण्यात टेमेफॉस हे रसायन योग्य प्रमाणात टाकणे व पाणी दुहेरी फडक्याने गाळून पिण्याची सवय लावणे, हे अन्य उपाय होत. सायक्लॉप्स डोळ्यास जेमतेम दिसण्याइतका असल्याने साधे कापडही त्यास अडवू शकते. देशातील अखेरचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला. त्यानंतरही शोधकार्य चालू ठेवण्यात आले. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

मूल्यमापन : नारू हटला तो औषधाने नव्हे, तर सातत्यपूर्ण पाहणी, पाणवठ्यांची सुधारणा व लोकांच्या सवयींतील बदल यांमुळे. पटकी, विषमज्वर, कावीळ व अतिसार यांबाबत मात्र असे पूर्ण यश शक्य झालेले नाही, कारण त्यांचे सूक्ष्मजंतू फडक्यात अडकत नाहीत व मैलापाण्याच्या मार्गाने पुनःपुन्हा पाण्यात येतात. म्हणून महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत जलसुरक्षक पाण्याचे नमुने घेतो, विरंजक चूर्णाने (टीसीएल) शुद्धीकरण होते, उर्वरित क्लोरीन ओटी चाचणीने पाहिला जातो आणि स्वच्छता सर्वेक्षणानंतर जोखमीनुसार गावास लाल, पिवळे वा हिरवे कार्ड मिळते. हे काम एक दिवस जरी थांबले, तरी धोका परत येतो. नारूच्या इतिहासाने शिकविलेला धडा हाच आहे.