बट्टा

मोगल काळात सुरतेला टांकसाळ होती. बंदरात आलेला परका किंवा झिजलेला रुपया सराफ वजन-कस पाहून घेई आणि किमतीतून काही कापून घेई. ती कपात म्हणजे बट्टा. ‘नावाला बट्टा लागला’ असे आपण आजही म्हणतो. ज्याला नाणे पारखता येत नसे, त्याला सराफाचा शब्द मानावा लागे. फसगत तिथेच होई. १८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकाच वजनाचा रुपया आणला, तेव्हा हा घोळ कमी झाला.

आज पारख आपल्या हाती आहे. दागिन्यावरचा सहा अक्षरी एचयूआयडी ‘बीआयएस केअर’ ॲपवर स्वतः तपासावा. ओटीपी कोणालाही सांगू नये. ऑनलाइन फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० ला फोन करावा.